चांदणीच्या मधोमध

७ नोव्हेंबर
कापलं एकदाचं!

इतके दिवस नुसतं पसरून बघत होतो. गडद जांभळी फुलं, पोटात शेंदरी, कडेला हिरवी पानं. दुकानदार म्हणाला, हे पडद्याचं कापड आहे, अंगात नाही घालत कुणी. म्हटलं, घालायचं नाहीच, गोधडीसाठी तुकडे करायचेत. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

पद्धत लिहून ठेवतो. मला कुणी शिकवलेली नाही. एकच फूल कापडावर हातभर अंतराने पुन्हा पुन्हा छापलेलं असतं. तसे सहा तुकडे एकावर एक ठेवायचे — फुलावर फूल, पाकळीच्या टोकावर टोक. वरून खुपसलेली टाचणी सहाही पदरांत त्याच ठिपक्यातून गेली पाहिजे. सूतभर हललं की संपलं. मग त्रिकोण कापायचे. एका कापात सहा जुळे. ते सहा एका टोकाशी आणून शिवले की चांदणी. फूल गायब! त्याच्या जागी काय उगवेल ते कापड छापणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

ही कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवते. म्हणाली, मी शिवू लागते की. म्हटलं, कॉलर वेगळी आणि हे वेगळं. तू इस्त्री कर.

१० नोव्हेंबर
लेकीचा फोन. परगावी भाड्याची खोली घेतलीय, पहिल्यांदाच एकटी राहणार. भिंतीला ओल आहे म्हणे. डिसेंबरच्या शेवटी गोधडी न्यायला येते. वर म्हणाली, "नाही झाली तरी चालेल, बाबा."

चालेल काय! एवढी वर्षं लेथवर लोखंड कातलं, कधी माल मुदतीनंतर दिला नाही.

१३ नोव्हेंबर
भिंतीवर पांढरी चादर ठोकून तिच्यावर चांदण्या टाचायला लागलो. एकेका त्रिकोणाला तीन टोकं, म्हणजे मधोमध कुठलं घ्यायचं ते आपल्या हातात. त्यातच सगळी अक्कल. शेंदरी टोक मधे घेतलं तर निखारा, हिरवं घेतलं तर शेवाळ.

मेव्हणा आला होता. उभा राहून बघितलं आणि म्हणाला, दाजी, अख्खं कापड फाडायचं आणि परत जोडायचं, याला आमच्यात रिकामटेकडेपणा म्हणतात. ही हसली. मला नाही आवडलं.

१८ नोव्हेंबर
डाग आहे कापडात. एका चांदणीत नाही, सगळ्यांत — अगदी मधोमध! राखेसारखा, बोट टेकल्यासारखा. हिला विचारलं, तेलकट हाताने इस्त्री केलीस का? नाही म्हणाली. एक चांदणी साबणाने धुतली. डाग तसाच.

रात्री डोक्यात आलं — छापातच असणार. एका फुलावर डाग म्हणजे प्रत्येक फुलावर डाग. सहाही त्रिकोणांत त्याच जागी येणार आणि मधोमध गोळा होणार. इतकं साधं!

१९ नोव्हेंबर
दुकानदाराशी भांडून आलो. त्याने अख्खा तागा उन्हात उलगडला. "कुठाय डाग, साहेब?" फुलाच्या पोटात, म्हटलं. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांना हाक मारून त्याने बघायला लावलं. तेही म्हणाले, आम्हाला दिसत नाही. एक तर माझ्याकडेच बघत राहिला.

दुकानदाराला स्वतःच्या मालातला डाग कधी दिसलाय?

२४ नोव्हेंबर
मापाची पट्टी वाकली. पोलादी पट्टी! मधेच लचकलीय. ताडून बघायला दाराच्या चौकटीला लावली तर चौकटही वाकडी. घरमालकाने सुतार कुठून धरून आणला होता देव जाणे.

आज तीन चांदण्यांची टोकं मधे जुळली नाहीत. हिला म्हटलं, इस्त्री करताना ओढतेस तू.

"असेल," म्हणाली.

२७ नोव्हेंबर
आमच्या कारखान्यात माझ्या हातचे भाग परत आले. फोरमनने ते टेबलावर ठेवले आणि खालच्या आवाजात विचारलं, "मास्तर, हे तुमचे?" म्हटलं, माप घ्यायचं साधन तपासून घ्या आधी. त्याने भाग उचलून बाजूला ठेवले. त्याने ओरडायला हवं होतं.

या वहीच्या ओळीही वर चढतायत. छपाईचा धंदाच बुडाला वाटतं सगळीकडे.

२ डिसेंबर
जेवताना ही समोर बसली होती. काहीतरी सांगत होती — शेजारणीचं. मी मान वर केली.

डाग तिच्या चेहऱ्यावर होता.

कान दिसत होते. केस दिसत होते. मधे राख. मी उजवा डोळा झाकला, मग डावा. ती म्हणाली, काय गेलं डोळ्यात? म्हटलं, कुसळ.

३ डिसेंबर
काही लिहायचं नाही.

६ डिसेंबर
चष्म्याचा नंबर काढतो असं घरी सांगून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरबाईंनी चौकटी आखलेला कागद धरला. रेघा सरळ आहेत का? म्हटलं, मधे खचल्यात. बाई म्हणाल्या, कागदावर सरळच आहेत.

डोळ्याचा पडदा मधोमध मरतोय. कडेचं दिसत राहील — दार, भिंत, माणूस आलं-गेलं. बघायला जावं ते दिसणार नाही. गेलंय ते परत येत नाही. उरलंय त्याची घाई करा, मोठ्या हॉस्पिटलात दाखवा म्हणाल्या. मग काम काय करता विचारलं. लेथवर, म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

शिवतो, हे सांगितलं नाही.

८ डिसेंबर
हिला सांगायचं नाही, गोधडी होईपर्यंत तरी. कळलं की शिवणाच्या मशीनला हात लावू देणार नाही. मग मी काय करू? खुर्चीत बसून चौकटीच्या कडा बघू?

१२ डिसेंबर
आज भिंतीवरच्या सगळ्या चांदण्यांवर अंगठा फिरवला, डोळे मिटून. जिथे सहा टोकं भेटतात तिथे चुकलं तर गाठ लागते. एकीलाही गाठ नाही! परवाच्या, कालच्या — सगळ्या सपाट. मी ज्यांना शिव्या घातल्या त्याही.

म्हणजे डोळ्यांनीच खोटं सांगितलं. हात शाबूत आहे माझा. जाऊ देत डोळे! गेल्या कित्येक दिवसांत आज पोटभर जेवलो.

१६ डिसेंबर
संध्याकाळी शिवलेल्या चांदणीला गाठ. सुपारीएवढी. कधी त्रिकोण निसटला कळलंच नाही. रागाने मशीनवर टाकली आणि झोपलो.

१७ डिसेंबर
मघाशी कामावरून आलो आणि ती उसवायला घेतली. गाठ नाही. पुन्हा चाचपली. नाही.

ही कारखान्यातून माझ्या आधी घरी येते.

२० डिसेंबर
शेवटच्या चांदणीचे त्रिकोण राहिलेत. लेक शनिवारी येते. ही विचारत होती, होईल ना? म्हटलं, आजवर अडलंय का माझं काही?

२१ डिसेंबर
चांदणी मुद्दाम वाकडी शिवली. एक त्रिकोण करंगळीभर सरकवून. मशीनपाशी ठेवली, पाय मोकळे करून येतो म्हटलं आणि कोपऱ्यावरच्या बाकावर बसून राहिलो.

परत आलो तर ही स्वयंपाकघरात, भांड्यांचा आवाज. मशीनवर झाकण. झाकण काढून मशीनच्या दिव्याला हात लावला — ऊन होता अजून.

चांदणी उचलली. मधोमध अंगठा फिरवला. सपाट.

ही आतूनच म्हणाली, "आजची छान जमलीय हो तुम्हाला."

मी म्हटलं, "जमलीय खरी."