एकाच डिस्कची दोन नावं

जळगाव,
शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

ती. भूपेंद्रभाऊ,

कामिनीचा नमस्कार. दिपमालावहिनींनाही सांगा.

इकडे सकाळची थंडी अजून आहे, दुपारी मात्र पंखा लावावा लागतो. रावेरला आबांच्या केळीवर यंदा करपा आलाय, म्हणून मी दोन रविवार तिकडेच होते. साक्रीत तुमच्या दुकानात सध्या फॉर्म भरायला मुलांची रांग असते, असं वहिनी म्हणाल्या. मंगळवारी फोन आधी त्यांनीच उचलला होता. माझं नाव ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "थांब, देते." तुम्ही फोनवर याल असं मला वाटलं नव्हतं.

फोन अर्धवटच राहिला. पुढे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून हे पत्र.

आमची जुनी स्टोरेजची पेटी तुम्हाला माहीतच आहे. हॉस्पिटलचे सगळे एक्स-रे, सीटी, एमआरआय त्याच पेटीत. गेल्या महिन्यात तिची एक डिस्क गेली होती. बदली डिस्क आता मिळत नाही. म्हणून दुसऱ्या एका हॉस्पिटलनं काढलेली पेटी आणली. देणाऱ्या माणसानं तेव्हाच हात वर केले होते. "तुमचा सर्व्हर लिनक्सवर, त्यावर आमची जबाबदारी नाही, चालली तर चालली." तिला जोडायला सर्व्हरमध्ये नवं कार्ड बसवलं, पंधरा दिवस मी तिच्यामागे होते. सर्व्हरला पेटी काही दिसेना.

मंगळवारी सकाळी आठला जुन्या पेटीची दुसरी डिस्क गेली. पेटी एकसारखी ओरडायला लागली. आणखी एक गेली असती, तर आत काहीच उरलं नसतं.

त्याच दिवशी बारा वाजता भिकुबाईंचं ऑपरेशन होतं. पिंपळनेरच्या आहेत, मेंदूत गाठ. सर्जन नाशिकहून येणार होते. त्यांना दीड वर्षापूर्वीचे आणि आताचे स्कॅन शेजारी ठेवून बघायचे होते, गाठ कुठल्या बाजूला सरकली ते. डॉ. सुलक्षणा मॅडम खाली आल्या आणि म्हणाल्या, "कामिनी, मला अकरापर्यंत दोन्ही स्कॅन स्क्रीनवर पाहिजेत. नसतील तर आत्ता सांग, मी ऑपरेशन पुढे ढकलते. पण त्या बाईंना आणखी थांबवणं बरं नाही."

मी म्हटलं, "मिळतील." आणि तुम्हाला फोन लावला.

तुम्ही 'कशी आहेस' असं विचारलं नाहीत. "काय व्हयनं?" एवढंच. मी सांगत गेले, तुम्ही विचारत गेलात. कार्डची बत्ती कोणत्या रंगाची? सर्व्हर सुरू होताना कार्ड चालवणारी फर्मवेअरची फाइल मिळत नाही असा काही संदेश येतो का? आला होता, भाऊ. पंधरा दिवस रोज येत होता, मी तो वाचून पुढे जात होते. फर्मवेअर घालून सर्व्हर पुन्हा सुरू केला, बत्ती हिरवी झाली. तरी पेटी दिसेना. मग तुम्ही म्हणालात, "सर्व्हर आणि पेटीच्या मधल्या स्विचमध्ये नव्या कार्डाचा नंबर नोंदवला का? नाही नोंदवला, तर स्विच त्याला पेटीजवळ जाऊच देत नाही." तो नोंदवला, आणि पेटी दिसली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्हाला फोनवर कळलं नसेल.

यादीत चार डिस्क दिसत होत्या. बी, सी, डी, ई. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. आधी बी, सी जुन्या पेटीच्या असायच्या, म्हणून डी आणि ई नव्या, असं मी धरलं. डी फॉरमॅट करायची कमांड लिहिली आणि तुम्हाला वाचून दाखवली.

"थांब," तुम्ही ओरडलात. तुम्हाला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "नावावर जाऊ नको. सर्व्हर बंद करून चालू केलास ना? नावं बदलतात. चौघांचे सिरियल नंबर वाच."

मी वाचले. चार नावं होती, पण नंबर दोनच. बी आणि सीचा नंबर एक, तो नव्या पेटीचा. डी आणि ईचा दुसरा, जुन्या पेटीचा. सर्व्हरला अख्खी पेटी म्हणजे एकच डिस्क; प्रत्येक पेटीला दोन वायरी, म्हणून ती दोन वेळा दिसत होती. आणि मी डी पुसायला निघाले होते. हॉस्पिटलचं सगळं होतं त्यात.

"दोन दिसतंस ते एकच शे," तुम्ही हळू आवाजात म्हणालात. "आधी मल्टिपाथ चालू कर, म्हणजे दोघांचं मिळून एकच नाव दिसेल. मग नव्या पेटीला हात लाव. त्या दिवशी सीवर कमांड चालवलीस तशी..."

आणि तुम्ही बोलायचे थांबलात.

पेटी मागे ओरडतच होती. मग तुम्ही म्हणालात, "भिकुबाईंचे फोटो आधी काढ. बाकीचे मागून." मी म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी..." तर तुम्ही म्हणालात, "आधी पेशंट बघ," आणि फोन ठेवलात.

साडेदहाला दोन्ही स्कॅन नव्या पेटीत आले, पावणेअकराला मॅडमच्या स्क्रीनवर उघडले. बाकीचं सगळं उतरवायला बुधवारची दुपार झाली. संध्याकाळी चारच्या सुमाराला जुन्या पेटीची तिसरी डिस्क गेली. ऑपरेशन चार तास चाललं. भिकुबाई काल बोलायला लागल्या. डावा हात अजून जड आहे, पण मुलाला नावानं हाक मारली.

इथवर लिहून मी उठले होते. पत्र इथंच संपवून पोस्टात टाकावं असं मनात आलं. आभाराचं पत्र म्हणून तेवढं पुरलं असतं.

२०२१च्या चौकशीत 'सी' हे अक्षर कोणीही उच्चारलं नव्हतं, भाऊ. 'डिस्क पुसली गेली' एवढंच कागदावर आहे. कमांड कशावर चालली, ते ती चालवणाऱ्यालाच ठाऊक असणार, किंवा ज्यानं मागाहून बसून सगळं वाचलं त्याला. म्हणजे तुम्हाला साडेतीन वर्षं माहीत होतं.

मी लिहून टाकते. ऑगस्ट २०२१, गुरुवार. तुम्ही जेवायला गेला होतात. तुमच्या खुर्चीवर मी बसले होते, लॉगिन तुमचंच उघडं होतं. यादीत बी आणि सी दिसल्या. बी वापरात होती, सी मला रिकामी वाटली. तुम्ही येईपर्यंत तयार करून ठेवावी, भाऊ खूश होतील, एवढंच डोक्यात होतं. कमांड दिल्यावर यंत्रानं विचारलंसुद्धा, यावर आधीच काहीतरी आहे, पुढे जाऊ का? मी 'हो' दाबलं. कारखान्यात चाचणीसाठी घातलेलं काहीतरी राहिलं असेल असं वाटलं. तासाभरात वरून फोन यायला लागले, फोटो उघडत नाहीत म्हणून. बॅकअप त्याच पेटीत होता. दोन वर्षांचे स्कॅन गेले.

माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. चौकशीत मला विचारलं, "त्या दुपारी तुम्ही सर्व्हरवर काही केलं का?" तुम्ही शेजारीच बसला होतात, टेबलाकडे बघत. मी म्हटलं, "नाही." सहीही केली. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "बॅकअप वेगळा ठेवायला पाहिजे होता, ती चूक माझी." जेवायला गेलो होतो, एवढंही सांगितलं नाहीत. मी घरी आले आणि पोटभर जेवले.

मी स्वतःला सांगत आले की मी पुसलेली डिस्क वेगळीच होती, रिकामी होती, बिघाड दुसराच काहीतरी असणार. कधी सिरियल नंबर तपासला नाही. तपासायला दोन मिनिटं लागतात. मंगळवारी तुम्ही वाचायला लावलात तेव्हा कळलं, सी म्हणजे बीच होती, आणि मला पुढे काही सांगायला जागा राहिली नाही.

तुमची नोकरी गेली आणि तुम्हाला अनुभवाचा दाखलाही दिला नाही, हे मला माहीत होतं. धुळ्याच्या कंपनीनं मुलाखतीनंतर तुम्हाला नको म्हटलं, हेही कानावर आलं होतं. त्या दिवसांत मी तुमचा फोन दोनदा उचलला नाही. तुम्ही काय विचाराल याची भीती वाटत होती. तुम्ही कदाचित माझी ख्यालीखुशाली विचारायलाच केला असेल.

बुधवारी कॉपी पूर्ण झाल्यावर मी मॅडमकडे गेले. त्यांना वाटलं, काम झालं ते सांगायला आलेय. मी उभ्यानंच सगळं सांगितलं.

"तीन वर्षं रोज माझ्यासमोर बसून चहा प्यायलीस," त्या म्हणाल्या. "आणि तो माणूस साक्रीत झेरॉक्स काढतो."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"लिहून दे. आत्ता, इथं बस आणि लिही."

मी लिहून दिलं. सर्व्हर रूमची किल्ली त्यांनी मागून घेतली. समिती पुन्हा बसेपर्यंत मला कामावरून बाजूला केलंय. कायमचं काढतील असं वाटतं. आबांना काल फोनवर सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले, अजून त्यांचा फोन नाही.

लिहून दिलेल्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यावर मॅडमची सही आणि हॉस्पिटलचा शिक्का आहे. ज्याला दाखवायची त्याला दाखवा, दुकानाच्या काचेवर लावलीत तरी माझी हरकत नाही. दाखल्याचं मॅडम स्वतः बघणार आहेत.

तुम्ही तेव्हा गप्प का राहिलात, हे विचारायचा मला हक्क नाही. तरी विचारते. मला वाचवायला गप्प राहिला असाल, तर माझी तेवढी लायकी नव्हती. फक्त बॅकअपची चूक मनाला लागली म्हणून गप्प राहिला असाल, तर ती चूक एवढी मोठी नव्हती. मी वरच्या मजल्यावर जाऊन हे सांगायला हवं होतं. तेव्हा जिन्यापर्यंत जाऊन मी परत आले होते.

माफी मागायला फोन केला तर तुम्ही पुन्हा 'आधी पेशंट बघ' असंच काहीतरी म्हणाल आणि मी सुटेन. म्हणून कागदावर मागते. भाऊ, मी तुमचं नाव घालवलं. मला माफ करा असं म्हणवत नाही, पण मनात तेच आहे.

समिती पुढच्या गुरुवारी, वीस तारखेला, अकरा वाजता बसणार आहे. तुम्हालाही पत्र येईल. या. माझ्याशी बोलू नका हवं तर. मला फक्त त्याच माणसांसमोर, तुम्ही शेजारी बसलेले असताना, त्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं द्यायचं आहे.

कामिनी