अठ्ठेचाळीसची पट्टी

४ मार्च १९८२

—आणि फोनवर मी सांगून टाकलं: अठ्ठेचाळीस. पलीकडे नावपट्ट्या करणारा. 'चार आणि आठ ना, बाई?' हो. 'ऑर्विन ४८'. दोन हजार पट्ट्या. ॲल्विन समोरच बसला होता, उघड्या कॉम्प्युटरवर वाकून. त्याने मान वर केली नाही.

यंत्र त्याचं. तीन वर्षं, शाळेत शिकवून आल्यावर, त्याने ते रचलं. नाव देणं आणि विकणं माझ्याकडे. तसं ठरलेलं.

५ मार्च

भांडण! 'मेमरी बत्तीस किलोबाइट आहे, म्युरियल. बत्तीस!' उरलेले सोळा यंत्राच्या स्वतःच्या कामाचे, कायमचे कुलूपबंद. गिऱ्हाईकाला तिथे एक अक्षर लिहिता येत नाही. मी म्हटलं, यंत्रात आहेत ना? मग मोजले. सगळेच मोजतात.

बेरिल जोडणीच्या टेबलावरून म्हणाली, 'मग मीही उंची सांगताना स्टूल धरत जाईन!' ॲल्विन हसला. मी नाही.

दुकानदारांचं त्याला ऐकावं लागत नाही. 'दुसऱ्या कंपनीचं बत्तीस, तुमचंही बत्तीस, मग तुमचं महाग का?'

शेवटी तो म्हणाला, 'पहिल्या खेपेपुरतं. दुसरीला खरा आकडा. शब्द दे.'

दिला.

१९ एप्रिल

सगळी यंत्रं विकली गेली!

११ मे

ग्रिम्सबीहून पत्र. मिस्टर आउथवेट, मासळीबाजारात कारकून. बंदरात येणाऱ्या बोटींची यादी भरत होते; महिनाभराच्या संध्याकाळी त्यात गेल्या. मध्येच यंत्र म्हणालं, जागा संपली. 'बाकीचे सोळा कसे उघडायचे तेवढं कृपया कळवावं. माझंच काहीतरी चुकत असेल.'

माझंच काहीतरी चुकत असेल. हे त्यांनी लिहावं!

उत्तर ॲल्विनने हाताने लिहिलं. दोन पानं. मला दाखवलं नाही. मीही मागितलं नाही.

२ जून

दुसऱ्या खेपेच्या पट्ट्या सांगितल्या. जुनंच नाव. आधी फोन केला, मग त्याला सांगितलं. उलट करायला हवं होतं.

आता बत्तीस म्हटलं तर लोक म्हणणार, यांनी यंत्र छोटं केलं. हे खोटं नाही. तासभर मी हेच घोकत होते.

'बरं,' एवढंच म्हणाला. चहा केला, मलाही दिला. ओरडला असता तर!

३ जून

सकाळी तो माझ्याआधी आलेला. 'दूध संपलंय,' म्हणाला. नव्या खेपेच्या सर्किटचा मूळ आराखडा माझ्या टेबलावर ठेवला होता, कारखान्यात पोचवायला. आखणारा माणूस कोपऱ्यात आपली आद्याक्षरं सोडतो. ती सर्किटच्या तांब्यात उमटतात आणि प्रत्येक यंत्राच्या पोटात जातात. बाहेरून कुणाला दिसत नाहीत. त्या कोपऱ्यात आज ब्लेडने खरवडलेली जागा होती. स्वच्छ काम. मी आराखडा गुंडाळला आणि पोचवून आले.