तक्त्यातले दोन ‘हे’

७ जाने., मंगळ.
वैशालीने आज कमाल केली. सून आमची, बँकेत जाते. घरातल्या जुन्या कॅसेटी तिने रामनगरच्या एका दुकानातनं कंप्यूटरात भरून आणल्या होत्याच. चिठ्ठ्या बघून काहीबाही टाइप करत होती, आज एक बटण दाबलं नि सगळ्या गाण्यांचा एक्सेलचा तक्ता हजर! गाणं कुठलं, गाणारा कोण, राग, किती मिनिटं. मी म्हटलं, अगबाई, ही तर वाण्याची यादी. ती म्हणे, "आई, पुण्याची संस्था हा तक्ता बघूनच गाणी ठेवून घेणार. इथे गंगेकाठी तर कॅसेटींना बुरशी खातेय." मामंजींची कीर्तनातली पदं नि ह्यांची गाणी, दोन्ही त्यात. मामंजी जाऊन किती वर्षं झाली. मी मटार सोलत होते पण लक्ष सगळं तिकडे. यंदा मटार काय गोड निघालाय!

९, गुरु.
फजिती. तक्त्यात मामंजी कुठेच नाहीत! भजनी मंडळाची सोडून झाडून सगळी गाणी ह्यांच्या नावावर. हे चष्मा लावून बघतायत, "मी एवढा गायलो कधी?"
मग उलगडलं. कॅसेटींवरच्या चिठ्ठ्या आधी सासूबाई लिहायच्या, पुढे मी. नवऱ्याचं नाव ना त्या घ्यायच्या ना मी. गाणाऱ्याच्या जागी दोघींनी लिहिलंय ‘हे’. वैशालीने दिसला ‘हे’ की घाल आपल्या सासऱ्यांचं नाव. तिची तरी काय चूक. म्हणाली, "मी निखिलला निखिलच म्हणते हो आई, मला कसं सुचणार?" हसून हसून पोट दुखलं. मग मात्र चर्र झालं. तक्ता असाच गेला असता तर मामंजी गेलेच असते त्यातनं.

१२, रवि.
अक्षरावरून लावलं. सासूबाईंचं टपोरं, माझं म्हणजे कोंबडी नाचून गेलेली. सासूबाईंचे ते मामंजी, माझे ते हे. वैशाली म्हणे नाव एकदा लिहायचं नि खाली ओढायचं, झरझर भरतं. मला ओढायला दिलं. मी जरा जास्तच ओढलं, भजनी मंडळाच्या बायकासुद्धा मामंजी झाल्या! सगळे लोळले. हे सकाळीच मलइयो, तो थंडीतला दुधाचा केशरी फेस, घेऊन आले होते, खास माझ्यासाठी दोन कुल्हड. थंडी आहे तोवर खाऊन घ्यावं. नंतर कुठलं मिळतंय.
एक कॅसेट राहिली. चिठ्ठी गळून पडलीय. एकच भैरवी आहे तीत.

१४, संक्रांत
गुळाच्या पोळ्या झाल्या. एक फुटली, ती माझी.
दुपारी भैरवी लावली. हे डोळे मिटून मान डोलावतायत. "व्वा अण्णा! व्वा!" मामंजींना हे अण्णा म्हणत. मी म्हटलं, अहो, हे तुम्हीच गाताय.
"काहीतरी बोलू नकोस. असं मला कधी साधलं?"
"ऐका ना, शब्द तोडून मध्येच श्वास घेतलाय. मामंजी असा घ्यायचे का?"
"शेवटी शेवटी त्यांनाही दम लागायचा."
बाप-लेकाचा गळा एकच. पण हे मग हळूच म्हणाले, अण्णांसारखा सूर लागावा म्हणून सगळी उमर गेली, नाही लागला. लागलाय की. समोर वाजतोय. कसं सांगू ह्या माणसाला...

१७, शुक्र.
तक्ता उद्या पाठवायचाच. गाणाऱ्याचा रकाना रिकामा असला तर ते गाणं घेणार नाहीत म्हणे.
वैशालीने विचारलं, "बोला, भैरवी कोणाच्या नावावर?"
हे म्हणाले, "अण्णा."
मी म्हटलं, "हे."
वैशालीने कपाळावर हात मारला. "आई, आता तरी ‘हे’ नका म्हणू!"
निखिल म्हणतो, दोघांची नावं टाका, झगडा खतम. दोघंही एकदम त्याच्यावर ओरडलो. तेवढं मात्र एकमत. खोटं कशाला लिहायचं. मी माझा हट्ट सोडणार नाही. मामंजींची बाकीची पदं चाललीच आहेत पुण्याला, हक्काच्या नावाने. ह्यांचं ह्यांना नको मिळायला?

१८, शनि.
आज गंगेवर इतकं धुकं की राजा घाटाच्या पायऱ्यासुद्धा दिसेनात. हे फिरायला गेलेच नाहीत. कानाला ते ऐकायचं लावून बसलेत. भैरवी थांबवतात, मागे नेतात, परत तेच. मी केर काढायच्या निमित्ताने दोनदा जाऊन बघून आले. ओठ हलत होते. आधी गाण्याबरोबर, मग गाण्याच्या जरा आधीच.
मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. "चहा आहे का?"
चहा आत्ताच झालेला. मी परत आधण ठेवलं. आलं जरा जास्तच किसलं.
हे तिथेच उभे. म्हणाले, "खरंच मी आहे का गं?"
वैशालीची अंघोळ व्हायचीय अजून, मग ती तक्ता पाठवणार. रकाना रिकामाच आहे.