दहा नंबरचा पाना

२ ऑक्टोबर, दसरा. दुपारी ३.
सकाळी काय केलं ते आधी लिहून ठेवतो. साडेपाचला उठलो, आंघोळ केली. काल खंडेनवमीला पाटावर मांडून पूजलेली तेवीस हत्यारं उचलली आणि पंपघरातल्या फळ्यावर लावली. पाने, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर, एक हातोडी. फुलं आणि दूर्वा निर्माल्याच्या पिशवीत भरून केळीमागच्या खड्ड्यात ओतल्या. पिशवी जरा जड लागली. यंदा झेंडू भरपूर वाहिला होता.

हत्यारं मोजली नाहीत. वायुदलात अठ्ठावीस वर्षं रोज मोजली, काम सुरू करताना आणि संपवताना. पण पूजेतून उठवलेली वस्तू लगेच मोजणं म्हणजे देवावर संशय घेणं.

उद्या शेजारच्या स्टॅनीभाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. बावखलावरचा, म्हणजे वाड्यांमधल्या तळ्यावरचा पंप बावीस वर्षं तेच बघतात. आमच्या पाच वाड्यांना त्याचंच पाणी. आठवडाभर पंप माझ्याकडे. स्टॅनीभाऊंनी समजावून सांगितलं, चंद्रहास, सकाळी सातला बटण दाब, नऊला बंद कर, बाकी कायपण करू नको. वॉरंट ऑफिसर म्हणून रिटायर झालेल्या माणसाला बटण दाबायला शिकवणं हा त्यांचा साधेपणा. मी मान डोलावली.

३ ऑक्टोबर. दुपारी.
पंप सातला सुरू, नऊला बंद. स्टॅनीभाऊंचं ऑपरेशन नीट झालं. मुलीकडे राहणार आहेत.

पंपघरात शिस्त नाही. सक्शन पाइपाच्या जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. रजिस्टर नाही. कोणी काय उघडलं, कोणी तपासलं, कुठेही सही नाही. बावीस वर्षं हा पंप देवाच्या भरवशावर चालला.

बसून एक तक्ता लिहिला: 'देखभाल पर्यवेक्षक: पात्रता व कर्तव्ये'. पात्रता अशी: विमानांच्या देखभालीचा किमान वीस वर्षांचा अनुभव, हाताखाली किमान दहा माणसं सांभाळलेली, स्वभाव शांत, चूक लपवण्याची सवय नसलेला. कर्तव्यं चौदा. त्यातलं तेरावं, हत्यार हरवलं तर ते सापडेपर्यंत यंत्र बंद. चौदावं, ज्याच्या हातून हरवलं त्याने सर्वांसमोर तसं सांगावं, आणि तो पर्यवेक्षक असेल तर पद सोडावं. हे कलम कडक आहे, पण मला त्याची अडचण नाही.

माणिकपूरला जाऊन तक्ता लॅमिनेट करून आणला, एक कोरं रजिस्टरही घेतलं. पंपघराच्या दारावर दोन बोल्टवर लावला. बोल्ट तूर्त हातानेच फिरवले. पान्याने उद्या आवळेन.

बायकोने, जयवंतीने, तक्ता उभ्या उभ्या वाचला. विचारलं, पंपाला बटनं किती? एक, म्हणालो. ती झेंडूकडे निघून गेली. दिवाळीसाठी दोनशे रोपं लावली आहेत तिने. कळ्या धरल्या आहेत.

४ ऑक्टोबर. सकाळी ६.५०.
बोल्ट आवळायला दहा नंबरचा पाना घ्यायला गेलो. फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती मी लाल रंगाने काढली आहे. दहा नंबरची आकृती रिकामी. मोजली. बावीस. परत मोजली. बावीस.

सकाळी ७.१५.
पंप बंद ठेवला. विमानात विसरलेला एक पाना कंट्रोलच्या तारेत अडकला तर माणसं मरतात. इथे पाना पंपाच्या पोटात गेला असेल तर? शक्यता कमी. पण शक्यतेवर सही करता येत नाही.

सकाळी १०.
जयवंती म्हणाली, पाना पंपात उडी मारून गेला काय? सुरुचीने मुंबईहून फोनवर सांगितलं, पप्पा, प्लीज, हे एअरबेस नाहीये. दोघींना नियम समजावला. फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम.

५ ऑक्टोबर.
पंप उघडला. सगळे भाग धुतलेल्या धोतरावर क्रमाने मांडले. फार सुंदर दिसत होते. पाना नव्हता. उद्या जोडेन.

संशयितांची यादी केली. दसऱ्यापासून पंपघरात आलेले तिघे. मी, जयवंती, शेजारच्या वाडीतला ऑस्कर. मला वगळलं.

६ ऑक्टोबर. संध्याकाळी.
पंप जोडला. एक रबरी वायसर उरली. चांगल्या यंत्रात थोडी जास्तीची सोय असतेच. डबीत ठेवली. पंपाचा आवाज येतो, पाणी येत नाही. पाण्याची पातळी उतरली असावी.

ऑस्कर केळ्यांचा घड सायकलवर बांधून चालला होता. त्याला थांबवलं. आमच्याकडे हत्यार हरवलं की सगळ्यांचे खिसे तपासायचे, माझेसुद्धा, यात अपमान नसतो, असं आधी सांगितलं. त्याने खिसे उलटे केले. विडीचं बंडल, चावी, रोझरी. रोझरी माझ्या हातात देऊन म्हणाला, ही पन मोजून घे. मग सायकल घेऊन गेला. केळ्यांचा एक घड नेहमी आमच्या ओट्यावर ठेवतो. आज ठेवला नाही. विसरला असेल.

७ ऑक्टोबर.
जयवंतीने बावखलातून हंड्याने झेंडूला पाणी घातलं. तीस खेपा. मी मदतीला गेलो तर म्हणाली, तुमी रजिस्टर सांभाला. दिवालीला तोरनात तेच लावू.

दोनशेपैकी साठेक रोपांनी मान टाकली आहे. रजिस्टरमध्ये नोंद केली. स्टॅनीभाऊंच्या पानवेलीकडे गेलो नाही. लांबून हिरवी दिसली.

आई म्हणायची, देव मोजत नाही. लहानपणी मला ते पटायचं. नंतर नोकरी लागली.

८ ऑक्टोबर.
निर्मळच्या देवळात जाऊन आलो. फक्त पाना मागितला. येताना पानवेलीजवळून यावं लागलं. खालची पानं पिवळी. ती लांबून दिसत नव्हती.

आज एका पोराची आठवण आली. शत्रुघ्न नावाचा एअरमन, वय वीस. एकदा माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, सर, माझ्या हातून स्क्रू-ड्रायव्हर हरवला. अठरा विमानं खोळंबली. मी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवला. स्वतःहून सांगणारा एक, लपवणाऱ्या शंभर हुशारांपेक्षा बरा, असं म्हणालो. ही गोष्ट मी नंतर पंधरा वर्षं सांगत आलो. ऑस्करला सांगायला हवी होती. त्याला धीर आला असता.

९ ऑक्टोबर. सकाळी ११.
पाना सापडला.

जयवंती झेंडूला खत घालायला केळीमागच्या खड्ड्यात उकरत होती. फावडं कशावर तरी वाजलं. तिने पाना धुतला नाही. कुजलेल्या फुलांसकट आणून माझ्या रजिस्टरवर ठेवला. हळदीचा डाग अजून होता. मग झेंडूकडे परत गेली. तिने बोलायला हवं होतं.

दुपारी २.
शांतपणे विचार केला. पाना हरवला असं म्हणता येणार नाही. तो सर्व काळ माझ्याच वाडीत होता. फक्त जागा बदलली होती. शिवाय तो मी टाकला नाही, देवाला वाहिला. वाहिलेल्या वस्तूला चौदावं कलम लागतं का, हे तक्त्यात स्पष्ट नाही. तक्ता लिहिताना मी इतका खोल विचार करायला हवा होता.

पाना धुऊन फळ्यावर लावला. तेवीस. आता सांगण्यासारखं काय उरलं?

संध्याकाळी.
ऑस्कर रस्त्याने गेला. सांगणार होतो. सायकल वेगात होती.

१० ऑक्टोबर.
आज ऑस्करला सांगायचं पक्कं केलं. सकाळी तो चर्चच्या कामाला गेला होता. दुपारी ऊन. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर चार माणसं बसली होती. अशी गोष्ट एकट्याला सांगावी. चौदावं कलम 'सर्वांसमोर' म्हणतं हे खरं, पण कलमाचा आत्मा बघायचा असतो.

पंप अजून पाणी ओढत नाही. बावखलात काठी घालून पाहिली. पाणी भरपूर आहे.

जयवंतीच्या खेपा आज छत्तीस. रात्री जेवताना तिने फोड आलेला डावा हात मांडीवर उलटा ठेवला होता. मी पाहिलं, ते तिने पाहिलं.

११ ऑक्टोबर. दुपारी १.
स्टॅनीभाऊ आले. काळा गॉगल, एका डोळ्यात सारखं औषध. मुलीने अजून चार दिवस राहा म्हटलं होतं, पण कोणीतरी पानवेलीचं कळवलं. आधी पानवेलीत गेले. वाकून पानं चाचपली. मग पंपघरात आले. मागून ऑस्कर आणि जयवंती.

पंपाला कान लावला. म्हणाले, हवा ओढतोय, उघडला होतास काय? हो म्हणालो. वायसर कुठे? डबीतून काढून दिली. फळ्यावरून एक पकड, एक पाना, एक स्क्रू-ड्रायव्हर काढला. वाकायची मनाई होती म्हणून खाली बसून केलं. पंधरा मिनिटं. शेवटी सायकलची ट्यूब होती तशी गुंडाळली. बटण दाबलं. पाणी आलं. झेंडूच्या सरीपर्यंत गेलेलं मी पाहिलं. जयवंती चपला काढून पाण्यात उभी राहिली.

स्टॅनीभाऊ म्हणाले, खालची पानं गेली, वरची राहतील. झेंडूचं तूच बघ गं. जयवंती म्हणाली, अर्धा वाचंल. मग स्टॅनीभाऊंनी मला विचारलं, तुला बटण दाबायला सांगितलं होतं, मग उघडला कशाला?

इथे मी तेरावं कलम सांगू शकलो असतो. तोंड उघडलं. ऑस्कर बोल्टवर सैल लोंबणारा तक्ता बोटाने हलवत होता.

मी सांगितलं. एकट्या ऑस्करला नाही, तिघांना. पाना निर्माल्याबरोबर मीच खड्ड्यात ओतला. त्या दिवशी मोजलं नाही. परवा सापडला आणि दोन दिवस गप्प बसलो. ऑस्करचे खिसे उलटे करायला लावले ते चुकलं. माफ कर.

ऑस्करने तक्त्यावरचं बोट काढलं. म्हणाला, माज्या खिशात तरी रोझरी होती. तुज्या देवाने पाना ठेवून घेतला. जयवंती हसली. या आठवड्यात पहिल्यांदा.

कोणी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. तशी अपेक्षाही नव्हती. थोडी होती.

स्टॅनीभाऊंनी गॉगल वर करून तक्ता वाचला. चांगल्या डोळ्याने, सावकाश, चौदाव्या कलमापर्यंत. म्हणाले, म्हणजे तू गेलास. आणि मी तर विमान जवळून पाह्यलं पन नाय, माजी पात्रता नाय. मग उद्यापासून बटण कोन दाबनार?

तेवीस हत्यारं त्यांच्या स्वाधीन केली. त्यांनी मघाची तीन ठेवून घेतली. म्हणाले, येवढी पुरतात. बाकीची घरी ने, पूजेला होतील.

संध्याकाळी ६.
वीस हत्यारं घरी आणली. ओट्यावर केळ्यांचा घड होता. लहान होता, पण होता.

मग दहा नंबरचा पाना घेऊन पंपघराकडे परत गेलो. तक्ता उतरवला. पाना लागला नाही. बोल्ट हातानेच निघाले.