केळफुलाची वाटी आणि माझे एकतीस फॉलोअर

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ५.५०
आजपासून रोजनिशी. ही वही कपाटाच्या खालच्या कप्प्यात, कुलपात राहील. घरात कोणीही वाचायची नाही.

कालचा दिवस ऐतिहासिक. बोईसरला 'बिझनेस सोशल समिट' अटेंड केली. हॉटेलचा हॉल, एसी, दोनदा चहा, जेवणात पनीर. भावेश सरांनी माझे डोळे उघडले. (जेवणानंतर थोडे मिटले होते. पण मुख्य मुद्दा तोवर झाला होता.) सर म्हणाले, माल विकू नका, स्टोरी विका. पडद्यामागचं दाखवा. सगळ्यांना टी-शर्ट फुकट. छातीवर लिहिलंय 'लपवू नका' आणि पाठीवर 'पोस्ट करा'. अंगावर शहारा आला. एसीही जोरात होता म्हणा.

नेटवर्किंग जबरदस्त. बेचाळीस व्हिजिटिंग कार्डं मिळाली. घरी येऊन लावून बघितली. एकोणचाळीस सोशल मीडिया शिकवणाऱ्यांची. उरलेल्या तिघांत एक केटरर, एक विमा एजंट आणि एक माझंच, फिरून परत आलेलं.

संकल्प: रोज तीन पोस्ट. रोज पाचला उठणे. दिवाळीपर्यंत दहा हजार फॉलोअर.

सध्या: चार. त्यात मी दोनदा आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार
अण्णांशी व्हिजनबद्दल बोललो. अण्णा म्हणजे माझे वडील आत्माराम, वय त्र्याहत्तर. उमरोळीत आमचा दागिन्यांच्या डाय बनवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. डाय म्हणजे पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी कोरलेली नक्षी. सोनार त्यावर सोन्याचा पत्रा ठोकतो, दागिना उठतो. अण्णा कोरतात, माझी बायको मेघाली घासकाम करते. मी ओव्हरऑल बघतो.

आता आमच्या धंद्यातली एक मागासलेली पद्धत. शेडमध्ये कोणीही आलं, अगदी मासळीवाली वत्सलाबाई आली तरी, अण्णा हातातल्या डायवर फडकं टाकतात. ऑर्डर देणाऱ्या सराफाच्या, म्हणजे शेठच्या, दुकानात दागिना लागेपर्यंत नक्षी कोणाला दिसायची नाही. आमच्या बाजूला घराघरांत डायवाले. सगळे एकमेकांकडे चहाला जातात आणि सगळे फडकी टाकून बसतात. एकविसाव्या शतकात!

मी ट्रान्स्परन्सीबद्दल सांगितलं. अण्णा म्हणाले, आमच्या कामाला फडका लागतो, फोन नाय लागत.
जनरेशन गॅप.

८ ऑगस्ट, शुक्रवार
मोठी बातमी. मुंबईच्या शेठची ऑर्डर! दिवाळीसाठी मंगळसूत्राच्या वाट्या, बारा डाय. काम पसंत पडलं तर शेठचं वर्षभराचं सगळं काम आपल्याकडे. नाही पडलं तर, अण्णा म्हणाले, शेडात नारळ भरून ठेवायचे, दुसरं काय. यंदा दुसरी ऑर्डरच नाही.

नक्षी अण्णांची स्वतःची. मागच्या वाडीतलं केळफूल आणून दोन दिवस समोर ठेवलं होतं. वाटीवर केळफुलाच्या पाकळ्या, एकीआडून एक उघडत गेलेल्या. बघून मला एकच सुचलं. कंटेंट!

१० ऑगस्ट, रविवार
पहाटे एडवणच्या समुद्रावर 'माय जर्नी' रील शूट केला. मी चालत येतो, मागे लाटा, हातात पोलादी ठोकळा. आठव्या टेकला डावी चप्पल लाटेबरोबर गेली. नवव्या टेकला तिच्यामागे ट्रायपॉड.

रील टाकला. व्ह्यू सहा. मेघालीने विचारलं, अहो, लंगडताय का रीलमध्ये? तिला स्टोरीटेलिंग कळत नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार
पाचला उठायचा संकल्प सातवर आणला. अल्गोरिदम तसाही सकाळी झोपलेला असतो, असं कुठेतरी वाचलंय.

१७ ऑगस्ट, रविवार. रात्री ८.००
पालघरला दुसरी कॉन्फरन्स, 'ग्रोथ कॉन्क्लेव्ह'. वक्ते भावेश सरच. टी-शर्टही तोच, रंग वेगळा. शेजारच्या खुर्चीवर कोण? पलीकडच्या आळीतला निमेश! त्याचंही डायचंच काम, पण त्याच्याकडे कॉम्प्युटरवर कोरणारं मशीन. फोटो घातला की डाय तयार. कलेचा गंध नाही. म्हणाला, शैलेशभाऊ, तुमचा रील बघितला, काय दम आहे! माणूस मोकळा आहे. मला उगाच वाटायचं की आतल्या गाठीचा. त्याने लगेच फॉलो केलं.

सरांनी 'प्रोसेस व्हिडिओ' शिकवले. वस्तू बनताना दाखवा, लोक वेडे होतात. लगेच रिंगलाइट ऑर्डर केला.

मेघालीने विचारलं, या टी-शर्टांचं काय करू, कापड चांगलं तेल टिपणारं आहे. मी तिन्ही कपाटात ठेवले. (पालघरचे दोन घेतले होते. निमेशने त्याचा मला दिला. दिलदार.)

२० ऑगस्ट, बुधवार
पहिला प्रोसेस व्हिडिओ. अण्णा जेवणानंतर आडवे झाले होते, तेवढ्यात फडकं बाजूला करून डाय शूट केली. रिंगलाइटमध्ये काय दिसतेय केळफुलाची वाटी! टाकल्यावर दोन मिनिटांत निमेशचा लाइक. कमेंटही केली, 'सुंदर. बाजूने पण दाखवा ना.'
याला म्हणतात एंगेजमेंट.

२१ ऑगस्ट, गुरुवार
बाजूने दाखवली. निमेशची कमेंट: 'वा! पाकळीची खोली किती असेल हो?'
मोजून सांगितली. ऑडियन्सला ताटकळत ठेवायचं नाही, हा सरांचा नियम आहे. फॉलोअर चौदा!

२३ ऑगस्ट, शनिवार
आज अण्णांना विश्वासात घेऊन समोर शूट केलं. विश्वासात घेतलं म्हणजे, फोन खिडकीत कुंडीमागे ठेवला आणि रिंगलाइट लावून सांगितलं की तुमच्या डोळ्यांसाठी आणलाय. अण्णा खूश. मग लाइट आपोआप लुकलुकायला लागला (पार्टी मोड), अण्णांची छिन्नी घसरली आणि तिसऱ्या पाकळीवर बारीक ओरखडा गेला.

अण्णा जे बोलले ते इथे लिहीत नाही. चार दिवसांचं काम पुन्हा, नवा ठोकळा घेऊन. मी समजावलं की ओरखडा ऑथेंटिक वाटतो. मेघालीने मला बाहेर काढलं.

व्हिडिओ मात्र टाकला. व्ह्यू दोनशे अकरा! निमेशने सेव्ह केलाय. तसं त्यानेच सांगितलं.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी
निमेश दर्शनाला आला. अण्णांनी शेडचं दार लावून घेतलं. मला लाज वाटली. निमेशला म्हणालो, मनावर घेऊ नकोस, जुनं माणूस. तो म्हणाला, छे हो, मला बघायची गरजच काय आता. किती समंजस! मोदक पाच खाल्ले त्याने.

६ सप्टेंबर, शनिवार
बारा डाय शेठकडे पोचल्या. शेठचा फोन: लाजवाब, आत्मारामभाई! धनत्रयोदशीला लावतो दुकानात, तोपर्यंत गुपचूप. अण्णा इतके हसले की कवळी सावरावी लागली. मेघालीने पुरणपोळी केली. अण्णा मला म्हणाले, वर्षाचं काम आलं तर तुला पन शिकवीन कोरायला. हात अजून वळतील तुझे.
का कोण जाणे, दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या. पुरण चांगलं झालं असावं.

फॉलोअर एकतीस.

१४ सप्टेंबर, रविवार. दुपारी १.३०
वॉशरूममध्ये लिहितोय, वही आज मुद्दाम बरोबर आणलीय. बोईसर, 'डिजिटल महासमिट'. मला 'बेस्ट एंगेजमेंट' अवॉर्ड मिळालं!!! भावेश सरांनी स्टेजवर विचारलं, तुमचे फॉलोअर कोण? मी म्हणालो, एकतीस, त्यातले सत्तावीस डायवाले, सगळे आपल्याच गावातले नि आजूबाजूचे. सर म्हणाले, याला म्हणतात टार्गेट ऑडियन्स! टाळ्या!

निमेशची खुर्ची रिकामी. मेसेज आला की अर्जंट डिलिव्हरी आहे. बिचारा, रविवारीही राबतो. फोनवर मेघालीचे अकरा मिस्ड कॉल. अभिनंदनाचे असणार, फोटो टाकला होता ना मी.

१४ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ७.००
अभिनंदनाचे नव्हते.

शेठचा अण्णांना फोन आला होता. त्यांच्या समोरच्याच दुकानात केळफुलाची वाटी लागलीय. मांडून, दिवे लावून. शेठनी बारा डाय परत पाठवतो म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. शेठनी पाठवलेला त्या वाटीचा फोटो मेघालीने मला दाखवला. तिसऱ्या पाकळीवर बारीक ओरखडा.

आमच्या बारा डायमध्ये तो ओरखडा नाही. तो फक्त माझ्या व्हिडिओत आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार
शांतपणे विचार केला. डिझाइन पलीकडच्या आळीपर्यंत, नव्हे, थेट मुंबईपर्यंत पोचलं, हा माझ्या रीचचाच पुरावा नाही का? तांत्रिकदृष्ट्या व्हायरलच. क्रेडिट दिलं नाही एवढंच.

हे मी मेघालीला सांगितलं. तिने पोळी तव्यावर तशीच सोडली आणि म्हणाली, अहो, अण्णांनी काल रात्रीपासून पाणी सोडून काही घेतलेलं नाही. तुमचा रीच तिथपर्यंत पोचला का ते बघा जरा.
पोळी करपली. मी तीच खाल्ली.

निमेशकडे गेलो जाब विचारायला. त्याने चहा दिला. मशीनवर फडकं टाकलं होतं. म्हणाला, शैलेशभाऊ, तुम्हीच खोली मोजून दिलीत, मी कुठे चोरायला आलो? मी कप रिकामा केला. चहा चांगला होता.

१६ सप्टेंबर, मंगळवार
अण्णा आणि मेघाली शेठला भेटून आले. मला नेलं नाही. मी स्टेशनपर्यंत पिशवी धरली. (समिटचीच पिशवी. मजबूत आहे.)

शेठनी एक संधी दिलीय. नवीन नक्षी, दोन आठवड्यांत. जमलं तर वर्षाचं काम पुन्हा आपलं. अट एकच. मेघालीने ती सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. शेठ म्हणाले, आत्मारामभाई, तुमच्या चिरंजीवांना त्यातली रेघसुद्धा दिसता कामा नये.

मी म्हणालो, अट अव्यवहार्य आहे, शेड माझ्याच घरामागे आहे. अण्णा उठून शेडकडे गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

१७ सप्टेंबर, बुधवार
अकाउंटवरचे सगळे व्हिडिओ डिलीट केले. समुद्राचा ठेवला. त्यात काही गुपित नाही. चप्पल तेवढी दिसते.

कोरायला शिकवायचं काय झालं, असं अण्णांना विचारायचं मनात होतं. नाही विचारलं.

निमेशने अनफॉलो केलं. तीस.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ५.४०
दिवसभर शेडमधून ठोके ऐकू येत होते. अण्णा दोन दिवसांत जेवायलासुद्धा घरात आलेले नाहीत, डबा तिकडेच जातो. मला राहवेना. आलं घालून चहा केला, स्वतः, आणि घेऊन गेलो. माफी कशी मागायची ते वाटेत तीनदा म्हणून बघितलं.

वत्सलाबाई पाटी घेऊन दारातच थांबली होती. तिच्यामागून मी आत पाऊल टाकलं. ठोके थांबले. अण्णांनी वर न बघता डायवर फडकं टाकलं. मेघालीनेही तिच्या हातातल्या डायवर टाकलं. वत्सलाबाई मला म्हणाली, ये बाबा, माझ्या बाजूला उभा रा, आता तू पन भायेरचाच हाय.

ती हसली. मीही हसायला गेलो, पण जमलं नाही.

फडकी नवी होती. अण्णांच्या फडक्यावर 'लपवू नका'. मेघालीच्या फडक्यावर 'पोस्ट करा'. एकाच टी-शर्टचे दोन तुकडे. माझाच, एक्सएल.

चहा उंबऱ्यावर ठेवून आलो. आज पोस्ट काही नाही.