सुलूचा डाउट

४ ऑगस्ट २००३, सोमवार

नोकरी लागली! महिनाभरात काहीतरी मिळवीनच असं चिपळूणहून निघताना आईला सांगितलं होतं, ती दाजींच्या ओळखीने आठवड्यातच मिळाली. ताईने साखरभात केला. दाजी दोनदा म्हणाले, आता शुभदा मॅडम म्हणायला हवं.

कॉम्प्युटर क्लास भाईंदर पश्चिमेला, राई गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. जुन्या मिठागराच्या जागेवर इमारत उभी राहिलीय, तिच्या तळघरात लॅब. शिकवायचं मालक जितेंद्र सरांनी, आणि प्रोग्रॅम लिहिताना पोरं अडली की सोडवायचं मी. पोरं विचारायला लाजतात म्हणून सरांनी सोय केलीय. आपल्या मशीनवर डाउट टाइप केला की माझ्या स्क्रीनवर छोटी चौकट उघडते, त्यात मशीनचा नंबर आणि प्रश्न.

आज सगळे डाउट सेमीकोलनचे. उत्तनचा निकेत आधी बापाच्या होडीवर जायचा, आता कॉम्प्युटर शिकतोय. त्याचा स्क्रीन एररने भरून गेला होता आणि चूक एकच, कंस बंद करायचा राहिलेला. दाखवल्यावर कपाळावर हात मारून असा हसला की अख्खी लॅब हसायला लागली. मला इथे आवडणार.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नऊ नंबरवरून डाउट आला. इंग्रजी अक्षरांत मराठी: ‘मॅडम, माझा लूप थांबत नाही.’ हा नवशिक्यांचा नेहमीचा घोळ. मोजणारा आकडा वाढवायची ओळ विसरतात, मग प्रोग्रॅम तेच तेच करत बसतो. उठून गेले तर खुर्ची रिकामी. स्क्रीनवर मात्र एकच आकडा ओळीखाली ओळ धावत होता. मी ती ओळ घातली, लूप थांबला. कोणीतरी विचारून चहाला पळालं असणार.

१२ ऑगस्ट, मंगळवार

नऊ नंबर रोज विचारतो. कधी बरोबरचं चिन्ह एक द्यायचं की दोन, कधी उत्तराच्या जागी भलताच आकडा का येतो. मी चौकटीतच उत्तर टाइप करते, तो थँक्यू म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, कधी सांगितलंच नसल्यासारखा. आज पुढे लिहिलं होतं, ‘तुम्ही येता. सर येत नव्हते.’

तिथे कोण बसतं म्हणून सरांना विचारलं. ते म्हणाले, नऊ बंद आहे, वर्षभर विजेची केबलच काढून ठेवलीय. मी वाकून पाहिलं. केबल खरंच काढलेली होती. खुर्चीखालची लादी तेवढी ओली होती आणि कडेने मिठाचा पांढरा थर धरला होता.

ताईला सांगितलं नाही. काय सांगणार?

१८ ऑगस्ट, सोमवार

निकेतने सांगितलं, तेही लॅबच्या बाहेर, जिन्यावर.

गेल्या वर्षी नऊ नंबरवर राईची सुलू बसायची. एका उधाणाला भरतीचं पाणी गटारातून तळघरात शिरलं. पोरं वर पळाली. सुलू हात वर करून बसली होती, तिचा प्रोग्रॅम चालत नव्हता. सर फोनवर होते. तिथूनच म्हणाले, चालल्याशिवाय उठायचं नाही. लॅबमध्ये सगळे अनवाणी असतात, धूळ नको म्हणून. विजेचा बोर्ड जमिनीवर होता, पाण्यात करंट उतरला.

पाणी पंपाने उपसलं आणि पुढच्या आठवड्यात बॅच सुरू झाली. बोर्ड अजून तिथेच आहे. मी आज पाहिला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

राईला गेले, सुलूच्या आईकडे. सरूबाई अंगणात सुकट निवडत होत्या. क्लासमधून आले म्हटल्यावर हात थांबले, पण ये-बस केलं, पाणी दिलं.

“पोरीचीच चुकी व्हती, असा लिवून घेतला आमच्याकडशी,” त्या म्हणाल्या. “माजी सुलू घाबरट, बाय. इचारल्याबिगर काय करायची न्हाय.”

मी नऊ नंबरचं सांगितलं. हसतील किंवा हाकलून देतील असं वाटलं होतं. त्यांनी सुकटीची पाटी बाजूला सारली.

“तू मास्तरीन हायस ना? मंग तू तिला उठ म्हन. तुजा ऐकल ती.”

२० ऑगस्ट, बुधवार

टाइप केलं: ‘सुलू, प्रोग्रॅम झाला. आता उठ. घरी जा.’

उत्तर आलं: ‘नाही झाला मॅडम. लूप थांबत नाही.’

पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

सरांना म्हटलं, निदान बोर्ड वर घ्या, नाहीतर मी जाते. सर म्हणाले, जायचं तर जा, पोरं येणारच आहेत, अठ्ठावीसला परीक्षा आहे. मी गेले तर त्या तळघरात त्यांच्याकडे लक्ष द्यायला कोण? मी राहिले.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज चार नंबरवरून तोच डाउट. तेच शब्द. चार नंबर निकेतचा.

गेले. त्याचा प्रोग्रॅम नीट चालत होता. मी असं काही विचारलंच नाही म्हणाला. पण हात वर होता. खाली घे म्हटलं तर स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला.

आता हसत नाही तो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सगळ्या मशीनवरून. एकामागून एक चौकटी. माझा लूप थांबत नाही. माझा लूप — पोरं खाली मान घालून बसलेली, कोणाचीच बोटं हलत नव्हती.

दाजींना सगळं सांगितलं. दाजी म्हणाले, चार दिवस गावी जाऊन ये.

२७ ऑगस्ट, बुधवार

अमावस्या, समुद्राला उधाण. संडासाच्या जाळीतून पाणी बुडबुडतंय. सरांना दाखवलं. म्हणाले, फडकं टाका.

बोर्ड मीच उचलायला गेले. वायर भिंतीत पक्की आहे, हलत नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार, दुपार

परीक्षा सुरू असतानाच पाणी आलं. मी ओरडले, एकेकाला धरून उठवलं, जिन्यावर ढकललं. सर सगळ्यांच्या आधी वर गेले.

सगळे गेले. निकेत नाही.

तो नऊ नंबरवर बसलाय. कधी जाऊन बसला कळलं नाही. पाय पाण्यात. हाका मारतेय, वळत नाही. मी वही घेऊन टेबलावर चढलेय. वरून सरांना ओरडून सांगितलं, मेन बंद करा —

दिवे गेले. बंद केलं बहुतेक. पंखेही थांबले.

निकेतचा हात वर आहे. नुसता वर. “मॅडम” म्हणाला आत्ता, पण तो आवाज — मुलीचा —

येते म्हटलं. कोणीतरी जायलाच हवं होतं तेव्हा. सुलू, मी येते. वीज नाहीये, पाण्यात उतरायला हरकत नाही. हे एवढं लिहितेय ते दिसतंय मला, निकेतसमोरच्या स्क्रीनच्या उजेडात —

वीज नाहीये ना. मग तो स्क्रीन कसा —