न निवलेली राख

शनिवार, ३ जानेवारी

आलो एकदाचे! सामानाची गाडी सकाळीच पोचली आणि सगळ्यांत आधी, मागचा पाय ओढत, खाली उतरला तो गोण्या. अंगाचा रंग गोणपाटासारखा म्हणून नवऱ्यानं ठेवलेलं हे नाव. लग्नाच्या आधीपासूनचा त्याचा कुत्रा. मी सासरी आले तेव्हा सासूबाईंनी नाही, यानंच मला आपादमस्तक हुंगून पास केलं होतं. घर लहान आहे, पण उजेड भरपूर. पलीकडे शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांनी भिंतीवरून चहाचा थर्मास दिला आणि कुत्रा चावतो का, ते विचारलं. नवरा म्हणाला, दात असते तर चावला असता! थंडी मात्र हाडं फोडणारी.

गुरुवार, ८ जानेवारी

गोण्या गेला. मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपेत गेला, सुटला. नवरा रडला नाही, नुसता त्याचे कान चोळत बसून राहिला. अंगणात पुरायचं का? घर भाड्याचं. उद्या बदली झाली तर तो इथल्या मातीत एकटा पडणार, हे मलाच सोसवेना. दहनाचं मीच सुचवलं. राख तरी बरोबर नेता येईल.

शुक्रवार, ९ जानेवारी

प्राण्यांचं दहनगृह वस्तीबाहेर आहे, स्वच्छ आणि शांत. भट्टीवाल्या काकांनी गोण्याला उचलण्याआधी हात धुतले. ते पाहून मला भरून आलं. संध्याकाळी राख पितळी डब्यात भरून दिली, पण काका बजावत होते, आज राहू दे, पुरती निवू दे, उद्या न्या. नवरा ऐकेना. आमच्याशिवाय तो कधी झोपला नाही म्हणाला, आणि डबा शालीत गुंडाळून घरी आणला.

रविवार, ११ जानेवारी

डबा अजून कोमट आहे. नवऱ्याला त्याचंच सुख. ऊब आहे बघ त्याच्यात, म्हणतो आणि दोन्ही हातांनी धरून बसतो. पितळ लवकर निवत नसेल, असं मी मनाला समजावलं. पण इतक्या थंडीत?

मंगळवार, १३ जानेवारी

सकाळी उशाशी डबा उघडा पडला होता. आत चिमूटभरही राख नाही. नवऱ्याच्या पायाशी रजईला गोल भोक, कडा काळ्या, अंगाचं वेटोळं करून झोपलेल्या कुत्र्याएवढं. त्याच्या पोटऱ्यांवर टपोरे फोड. मी किंचाळले, तर तो हसला. म्हणाला, ओळखलं नाहीस?

बुधवार, १४ जानेवारी

शिवणवाल्या बाईंनी विचारलं, कुत्रा गेला म्हणालात, मग खिडकीत उभा असतो तो करडा कुणाचा? नवा आणलात का?

लाकडी फळ्यांच्या जमिनीवर पावलांचे ठसे आहेत. घासून पाहिले. निघत नाहीत. लाकूडच जळलंय.

गुरुवार, १५ जानेवारी

पाहिला. भरदुपारी. सगळा राखेचा, पण मागचा पाय ओढत चालणं त्याचंच. मला बघून शेपटी हलवली. ठिणगी उडाली, पडदा पेटला. कसाबसा विझवला. नवऱ्याचे तळहात सोलून निघालेत, तरी कुरवाळतो. दवाखान्यात चल म्हटलं तर अंगावर धावून आला.

काकांकडे पळत गेले. त्यांनी एवढंच विचारलं, गुरगुरतो का? नाही, म्हटलं. ते खाली बसले. म्हणाले, गुरगुरला असता तर हाकलता आला असता, बाई. तो लाड करून घ्यायला आलाय. आपल्यामुळं माणूस भाजतो, हे मुक्या जिवाला कोण सांगणार? पाणी ओता म्हणाले. पण तुमच्या हातून व्हायचं नाही, असंही म्हणाले.

शुक्रवार, १६ जानेवारी

बादली ओतली. केकाटला — त्याच्याच आवाजात. अर्धा विरघळला, कोपऱ्यात सरकला. मी दुसरी बादली उचलली. त्यानं कान पाडले, मान खाली घातली —

नाही जमलं. नाही जमलं मला.

शनिवार, १७

शिवणवाल्या बाई गाडी आणायला गेल्यात. नवऱ्याला बांधून दवाखान्यात न्यायचं, पण न्यायचंच. आत आले तर तो नवऱ्याच्या छातीवर झोपलेला. नवरा हसत होता. नाही, हसत नव्हता — तो वास —

न्हाणीघरात आहे. कडी लावलीय. खिडकीला गज. बादली भरलेली आहे, हात उठत नाही.

बाहेर नखं वाजताहेत. कुंई कुंई करतोय. दाराच्या रंगाला फुगे येताहेत —

धनी उठत नाही म्हणून मला बोलवायला आलाय. त्याला कळतच नाहीये. रडतोय बिचारा —

गप, म्हटलं. चुकून नावानं म्हटलं.

शेपटी आपटतोय. दारावर. आनंदानं. कडी लाल झाली — गोण्या, नको रे, मागे हो, मागे —